चौदा नंबरचा पिंजरा

व्हॅलेन्सियात मार्च सरताना खिडकी उघडली
की संत्र्याचा मोहोर थेट घरात शिरतो, न विचारता.
तळघरातल्या प्राणिगृहाला मात्र खिडकीच नाही.
गाळलेली हवा. बारा तास दिवा, बारा तास काळोख.
आणि निळ्या टोपीतला बर्नात,
एकोणतीस वर्षं उंदरांचा भुसा बदलणारा.

"मोजतेस काय एवढं?" त्यानं एकदा विचारलं.

मी सांगितलं :
मोठ्या झालेल्या उंदराच्या मेंदूतही
आतल्या पोकळीच्या काठी रोज नव्या पेशी जन्मतात.
जन्मतात तिथं त्यांना काम नसतं.
निघतात मग, नाकामागच्या कंदाकडे,
जिथं वास ओळखले जातात.

"किती लांब?"
पाच मिलिमीटर.
तो हसला नाही.
"त्यांच्या पावलांनी?"

पाऊल नसतं रे त्यांना.
एक बोट असतं, पुढे चाचपडणारं.
बोट लांबतं, थबकतं, मुळाशी फुगतं,
आणि जिन्यात अडकलेली गादी
एकदम सुटून वळणापलीकडे जावी
तसं मागचं सगळं अंग त्या फुगीत येऊन पडतं.
मग विसावा. मग पुन्हा बोट.
एकमेकींच्या अंगावरून सरकतात,
आत्ता जी खाली, ती थोड्या वेळानं वर.
कधी रक्तवाहिनीचा कठडा धरून.
दोन्हीकडे जुन्या तारकापेशींच्या भिंती,
अंग चोरून वाट देणाऱ्या.

"बाप असाच जायचा माझा," बर्नात म्हणाला,
"सप्टेंबरात, द्राक्षतोडीला, पार बेझियेपर्यंत.
पर्पिन्याँच्या फलाटावर मागचा पुढच्याचा कोट धरायचा.
भाषा एकालाही येत नव्हती."

मी म्हटलं, हे काही जुळत नाही.
तुझा बाप परत यायचा.
तो म्हणाला, "दर वर्षी नाही."

मग न सांगायचं तेही सांगून बसले :
पोचलेल्यांतल्या निम्म्या महिनाभरात मरतात.
वाट चुकून नव्हे. पोचल्यावर.
कुणी हाक मारली नाही, नवं काही हुंगायला आलं नाही,
की आटोपतं.
इथं तर रोज तोच भुसा, त्याच गोळ्या.

त्यानं झाडू भिंतीला टेकवला.
बोलला काहीच नाही.

जूनमध्ये काप मोजायला बसले.
तेरा : नेहमीसारखा. पंधरा : नेहमीसारखा.
चौदाचा कंद हिरव्या ठिपक्यांनी गच्च.
पुन्हा मोजलं. माझ्या डोळ्यांवर विश्वास नको
म्हणून निएवेसला मोजायला लावलं.
तिचाही आकडा तोच.

खाली गेले. बर्नातच्या शिदोरीच्या डब्यात
संत्र्याची साल, बडीशेपेचा तुरा, चुरगळलेला पुदिना.
"रोज एक," तो म्हणाला. "एकाच पिंजऱ्यात.
तुझा हिशेब बिघडायला नको."

हिशेब बिघडलाच होता.
तक्त्यातून चौदा वगळला.
कारणाच्या रकान्यात : हाताळणीत चूक.
डॉक्टर रेमेईनी वर न बघता सही केली.
बर्नातला लेखी समज.

खरं तर यात नवं काही नव्हतं.
वासानं पेशी टिकतात हे कधीच छापून झालंय.
त्यानं काही शोधलं नव्हतं.
चौदामधल्या चार उंदरांनी
काही आठवडे पुदिना हुंगला, इतकंच.
मे महिन्यात त्यांचे मेंदू मीच कापले होते,
चाळीस-चाळीस मायक्रॉनच्या चकत्या,
आणि तेव्हा मला कसलाही वास आला नव्हता.

शुक्रवारी त्यानं विचारलं, "आणि माणसांत?"

तान्ह्यांत असते ही वाट, म्हटलं.
दीडेक वर्षापर्यंत. मग बुजत जाते.
मोठ्यांचं काय, यावर अजून भांडणं चालू आहेत.

"नातू अकरा महिन्यांचा आहे," बर्नात म्हणाला.
डबा त्यानं भुशाच्या पोत्यात रिकामा केला नाही.
कोटाच्या खिशात कोंबला,
आणि एकोणतीस वर्षांत मी नव्हते तेव्हाचं ठाऊक नाही,
पण माझ्यादेखत पहिल्यांदाच
वेळेआधी निघाला.